खारीवरचा आळ आणि कंदांची राखण

निशिगंधाच्या वाफ्यांतील कंद उकरलेले दिसले कीं आपण प्रथम खारीचें नांव घेतों. आपल्या मंडळाच्या बैठकींतून ही तक्रार हल्लीं वारंवार ऐकूं येते, आणि तिच्या पाठोपाठ गलोल, पिंजरा, विषारी दाणे असे खारी नाहींशा करण्याचे उपायही सुचविले जातात. या बाबतींत माझें मत निराळें असून तें सभासद बंधूंपुढें स्पष्टपणें मांडणें मला अवश्य वाटतें. कंद नेणारा प्राणी बहुतेक ठिकाणीं खार नसतोच. आणि आळ भलत्यावर गेल्यामुळें खऱ्या चोराचा बंदोबस्त होत नाहीं.

ही समजूत कांहीं अंशीं विलायती बागकामाच्या पुस्तकांतून आली असावी. ट्युलिपचे कंद खारीपासून कसे राखावे यावर तिकडे बरेंच लिहिलेलें असतें, व तें तेथें खरेंही आहे. तिकडील करडी खार मूळची अमेरिकेंतील. ती १८७६ सालीं इंग्लंडांत सोडली गेली. ही जात पानगळीच्या दिवसांत ओकचीं फळें, अक्रोड वगैरे एकेक करून जमिनींत पुरते आणि पुढें थंडींत उकरून खाते. माती उकरणें हा तिचा रोजचा धंदा, आणि ट्युलिपच्या लावणीचा हंगाम नेमका तोच. आपल्याकडील पट्ट्यांची खार मात्र आकारानें लहान, झाडावर काथ्याकाड्यांचें घरटें करून राहणारी आणि दिवस मावळला कीं त्यांत शिरणारी आहे. पेरू-डाळिंबें ती कुरतडते, पेरलेल्या भुईमुगाचे दाणे वेचून नेते. या गुन्ह्यांतून मी तिला सोडवूं इच्छित नाहीं. रामाच्या बोटांची कथा सांगून तिचा पक्ष घेणाऱ्यांपैकीं मी नव्हे. परंतु रातोरात वाफ्याच्या बुडाशीं बोगदा घालून कंद ओढून नेणें हें काम तिचें नाहीं.

हें शहाणपण मला फुकट मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं घरामागील परसांत मीं निशिगंधाचे चार वाफे लाविले. आठ दिवसांत दोन वाफ्यांत खड्डे पडूं लागले. दिवसां पाहावें तों लिंबावरच्या खारी त्याच मातींत बागडत असलेल्या! एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. पिंजरा लावून पांच खारी धरल्या व ओढ्यापलीकडील आमराईंत सोडून दिल्या. कंद जातच राहिले. तेव्हां माझ्या थोरल्या आक्कानें एकच प्रश्न विचारला, "अरे, कंद दिवसां जातात कीं रात्रीं, एवढें तरी पाहिलेंस का?" मीं पाहिलें नव्हतें. त्या संध्याकाळीं चुलींतली राख चाळून वाफ्यांभोंवतीं पसरली. पहांटे राखेंत पावलांचे रुंद ठसे आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ स्पष्ट उमटलेली होती. ती रेघ धरून गेलों तों गोठ्याच्या भिंतीशीं ताज्या मातीचा ढीग! बीळ खणलें तेव्हां आंत अर्धवट कुरतडलेले आठ-दहा कंद सांपडले. चोर घूस होती. खारी वाफ्यांत येत होत्या त्या बहुधा उकरलेल्या मातींतले किडे वेचावयास.

यापुढील चूक अधिक मोठी. रागाच्या भरांत मीं झिंक फॉस्फाइड आणून भाकरीच्या तुकड्यांना चोळलें व ते तुकडे बिळाशीं ठेविले. त्यांतील एक तुकडा आमच्या मोत्यानें खाल्ला. या विषाचा पोटांतील आम्लाशीं संबंध आला कीं फॉस्फीन नांवाचा वायु सुटतो, आणि त्यावर उतारा नाहीं. नऊ वर्षें राखण केलेला कुत्रा माझ्या देखत तासाभरांत गेला. त्याच अंगणांत धाकटा नातू रांगत असे, हें आठवलें म्हणजे आजही हातपाय गार पडतात. पुडीवर सूचना छापलेली होती. ती वाचण्याचे कष्ट मीं घेतले नव्हते.

म्हणून माझें पहिलें म्हणणें असें कीं, उपाय योजण्यापूर्वीं चोर ओळखावा. राखेइतकें स्वस्त साधन दुसरें नाहीं. बोटभर उथळ खळगे दिवसां पडत असतील तर खारीचा संशय रास्त आहे. ताज्या मातीचा ढीग आणि मातीनेंच बुजविलेलें बिळाचें तोंड ही घुशीची खूण. कंद जागींच खाऊन फोलपटें टाकलेलीं आणि जवळपास एखादा काळा-पांढरा कांटा पडलेला असेल तर तें साळिंदर होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें संरक्षित आहे, सबब फांसे लावण्याच्या भरीस पडूं नये. रानडुक्कर ओळखण्यास कोणास शिकवावें लागत नाहीं. सबंध वाफा नांगरल्यासारखा पालथा झालेला असतो.

परसबागेस व बेण्याच्या वाफ्यांस माझ्या मतें जाळीसारखा उपाय नाहीं. अर्धा इंच भोंकांची जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी घ्यावी. वाफा फूटभर खोल खणून ती तळाशीं अंथरावी, कडा चोहों बाजूंनीं जमिनीवर हातभर येतील अशा वळवाव्या आणि वरची किनार बाहेरच्या अंगास वांकवून ठेवावी. मग माती परत भरून लावणी करावी. मुळें भोंकांतून खालीं सहज जातात. लावणीनंतर माती दाबून पाणी द्यावें आणि कंदांचीं सालपटें, सुकलेलीं मुळें तेथें पडूं देऊं नयेत. मोकळी माती व ताज्या कंदांचा वास हें चोरास आमंत्रणच होय. कोंब वर येईपर्यंत बाभळीच्या फांद्या पसरल्यास खारीचीही ब्याद टळते. खर्च अधिक, हा आक्षेप मी ऐकला आहे. परंतु निशिगंध एकदां लाविला कीं खोडव्यासह तीन वर्षें जागेवर राहतो, आणि जाळी त्याहूनही टिकते.

एकरभर लावणीस जाळी परवडणार नाहीं, हें मला कबूल आहे. तेथें घुशींचा उपद्रव असेल तर बांध अरुंद ठेवून गवत काढावें, आणि विष घालावयाचेंच तर सगळ्या शिवारानें एकाच वेळीं घालावें. एकट्यानें घातलेल्या विषाचा उपयोग चार दिवस. शेजारच्या बांधावरील घुशी रिकाम्या बिळांत येऊन राहतात. आदल्या दिवशीं सर्व बिळें मातीनें बुजवावीं व दुसऱ्या दिवशीं जीं उकरलेलीं दिसतील तेवढींच धरावीं. दोन-तीन दिवस नुसतें तेल लावलेलें धान्य द्यावें, नंतर शंभर भागांत दोन भाग विष, आणि तेंही बिळाच्या आंत, उघड्यावर कदापि नाहीं. अर्धवट मात्रा खाऊन वांचलेली घूस त्या आमिषास पुन्हां तोंड लावीत नाहीं, म्हणून घाईचा कांहीं उपयोग होत नाहीं. मेलेले प्राणी खोल पुरावे. गव्हाणी घुबड आणि धामण हीं आपलीं विनावेतन राखणदार. धामण दिसतांच काठी उचलणारा शेतकरी स्वतःचेंच नुकसान करून घेतो.

आपल्या मंडळानें दर हंगामीं विषाच्या पुड्या वांटण्याऐवजीं जाळीचीं गुंडाळीं एकत्र खरेदी करून सभासदांस मूळ भावानें द्यावीं, अशी सूचना मी येत्या बैठकींत मांडणार आहें. ज्यांस ती अव्यवहार्य वाटेल त्यांनीं खुशाल माझ्या परसांत यावें. यंदा तीन वाफ्यांस जाळी घातली आहे व चौथा मुद्दाम उघडा ठेविला आहे. लावणीच्या सहाव्या रात्रीं घूस चौथ्या वाफ्यांत आली; अकरा कंद गेले. बाकीच्या तिहींत अद्याप एकही खड्डा नाहीं, आणि लिंबावर खारी पूर्वीसारख्याच आहेत.