जिल्ह्याचा फौजदार मतपेटीतून: अमेरिकेतल्या शेरीफच्या निवडणुकीतून काय घ्यावं?

आपल्याकडे ठाण्याला नवा साहेब आला की चावडीवर दोनच प्रश्न निघतात. "माणूस कसा आहे, कडक आहे का?" आणि "आला कुणाच्या वशिल्यानं?" तो कुठून आला, किती दिवस राहणार, हे गावाच्या हातात नसतं. बदलीचा हुकूम वरून निघतो. चांगला असला तरी जातो, वाईट असला तरी जातो. आपण फक्त निवेदन द्यायचं आणि पोच घेऊन घरी यायचं.

अमेरिकेत ही गोष्ट उलटी आहे. तिथे जिल्ह्याला कौंटी म्हणतात, आणि बहुतेक कौंट्यांचा पोलीसप्रमुख लोक मतं टाकून निवडतात. त्याला शेरीफ म्हणतात. वीस-तीस वर्षं खाकीत काढलेला अधिकारी निवृत्त होतो, पक्षाचं तिकीट मागतो, सभा घेतो, "मला अनुभव आहे, मला मत द्या" म्हणतो. ऐकायला हे फार गोड वाटतं. आपला फौजदार आपणच निवडायचा, मग काय पाहिजे? पण तिथल्या एका मोठ्या कौंटीत गेल्या तीस-बत्तीस वर्षांत जे घडलं, ते पाहिलं म्हणजे गोडाबरोबर कडूही कळतं. आपल्या पोलीस पाटलांनी, सरपंचांनी आणि शेतकऱ्यांनी ते समजून घेण्यासारखं आहे.

शेरीफ म्हणजे नक्की कोण?

शेरीफ हा शब्द आपल्याला मुंबईच्या नगरपालामुळे ऐकून माहीत आहे. पण ते नुसतं मानाचं पद. अमेरिकेतल्या शेरीफच्या कमरेला पिस्तूल असतं आणि हातात तुरुंगाची किल्ली असते. मूळ शब्द इंग्लंडातला. तिथे परगण्याला 'शायर' म्हणत आणि राजाचा वसुली-बंदोबस्त पाहणाऱ्याला 'रीव्ह'. दोन्ही मिळून शेरीफ झाला. म्हणजे आपल्या जुन्या पाटील-देशमुखांच्या जातकुळीतलं पद. फरक इतका की आपल्याकडे पाटीलकी वंशपरंपरेनं चालत आली आणि १९६२ च्या कायद्यानं गेली. अमेरिकेत ते पद टिकलं आणि निवडणुकीवर गेलं.

आज अमेरिकेत सुमारे तीन हजार शेरीफ आहेत. पन्नासपैकी सेहेचाळीस राज्यांत ते निवडून येतात. बहुतेक ठिकाणी मुदत चार वर्षांची. शहरांना त्यांचे वेगळे पोलीस असतात, त्यांचा प्रमुख महापौर किंवा नगर प्रशासन नेमतं. शहराबाहेरची वाडी-वस्ती, शेतमळे आणि रस्ते यांचा बंदोबस्त शेरीफकडे. ट्रॅक्टर चोरीला गेला, जनावरं पळवली, बांधावरून हाणामारी झाली, तर शेतकरी शेरीफच्या कचेरीला फोन करतो. शिवाय कौंटीचा तुरुंग चालवणं, कोर्टाचा बंदोबस्त, समन्स बजावणं आणि जप्तीची अंमलबजावणी हीही कामं त्याचीच. म्हणजे आपल्याकडचा पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि कोर्टाचा बेलीफ या तिघांची कामं एका माणसाकडे. आणि त्याच्या वर साहेब असा कुणी नाही. कौंटीचं निवडून आलेलं सुपरवायझर मंडळ असतं, साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखं. ते पैसा मंजूर करतं, पण शेरीफला सहजासहजी घरी पाठवू शकत नाही.

जप्तीच्या कामामुळे शेतकऱ्याचा आणि शेरीफचा संबंध फार जुना. १९३० नंतरच्या मंदीत मालाला भाव राहिला नाही, कर्ज थकलं आणि शेरीफच्या हातून जमिनी, औतं, जनावरं लिलावात निघू लागली. तेव्हा आयोवा व आजूबाजूच्या राज्यांत शेतकरी एकजुटीनं लिलावाला जाऊन उभे राहत. घोड्याला, नांगराला दोन-चार पैशांची बोली लावत, बाहेरच्याला बोलू देत नसत, आणि घेतलेला माल मूळ मालकाला परत करत. याला 'पेनी लिलाव' म्हणत. शेरीफची पंचाईत अशी की एका हातात कोर्टाचा हुकूम आणि समोर त्याचेच मतदार. पुढे १९३३ मध्ये मिनेसोटासह काही राज्यांनी जप्ती पुढे ढकलण्याचे कायदे केले, आणि मिनेसोटाचा कायदा १९३४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं उचलून धरला. निवडून आलेला अधिकारी लोकांपासून तुटून राहू शकत नाही, ही त्या पद्धतीची जमेची बाजू.

मॅरिकोपाची गोष्ट

आता खर्चाची बाजू पाहू. ॲरिझोना राज्यात मॅरिकोपा नावाची कौंटी आहे. फिनिक्स हे मोठं शहर तिच्यातच. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ४४ लाखांवर, म्हणजे २०११ च्या आपल्या नगर जिल्ह्याएवढी. क्षेत्रफळ मात्र नगरपेक्षा बरंच मोठं. मुलूख वाळवंटी, पण कालव्याच्या पाण्यावर कापूस, लसूणघास आणि दुधाचा धंदा चालतो. मेक्सिकोची सीमा फार लांब नाही, त्यामुळे शेतात, बांधकामावर तिकडून आलेला मजूरवर्ग मोठा.

१९९२ मध्ये इथे ज्यो आरपायो नावाचे गृहस्थ शेरीफपदाला उभे राहिले. केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेले, परदेशात कामगिरी केलेले. अनुभवात खोट काढायला जागा नव्हती. निवडून आले. १९९३ मध्ये त्यांनी तुरुंगातली गर्दी कमी करायला उघड्यावर तंबू ठोकले आणि त्या उन्हात कैदी ठेवले. कैद्यांना गुलाबी रंगाचे आतले कपडे दिले, जेवणखर्चात काटकसर केली. लोक खूश. "असाच पाहिजे, चोराला काय पंचपक्वान्नं वाढायची का?" ही भाषा आपल्यालाही ओळखीची आहे. एकामागून एक सहा वेळा ते निवडून आले. चोवीस वर्षं.

पण त्याच काळात दुसरं काहीतरी घडत होतं. कचेरीचं लक्ष परदेशी मजूर पकडण्याकडे वळलं. रस्त्यावर गाड्या अडवायच्या, चेहऱ्यावरून माणूस मेक्सिकोकडचा वाटला की चौकशी. २००७ मध्ये याविरुद्ध केंद्रीय कोर्टात दावा लागला आणि २०१३ मध्ये न्यायाधीश मरे स्नो यांनी निकाल दिला की वंश पाहून लोकांना अडवलं जात होतं आणि ते घटनाबाह्य आहे. दुसरीकडे, २००७ पर्यंतच्या तीन वर्षांतले लैंगिक अत्याचाराचे चारशेहून अधिक गुन्हे नीट तपासलेच गेले नव्हते, हे बाहेर आलं. त्यांत लहान मुलांची प्रकरणंही होती. २०११ च्या डिसेंबरात आरपायोंनी त्याबद्दल माफी मागितली. सुपरवायझर मंडळातल्या विरोधकांवर खटले भरण्यात आले, ते टिकले नाहीत, आणि भरपाई कौंटीच्या तिजोरीतून गेली. ही तिजोरी म्हणजे शेवटी शेतकऱ्याचा, दुकानदाराचा करच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही सगळी प्रकरणं चालू असतानाही माणूस निवडून येतच होता. ज्याला अडवलं जात होतं तो मजूर बहुधा मतदार नव्हता. ज्या पोरीची केस कागदात पडून राहिली तिचं वय मतदानाचं नव्हतं. मतपेटीला फक्त मत टाकणाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

२०१६ मध्ये मात्र आरपायो पडले. फिनिक्सच्या पोलीस दलातले निवृत्त सार्जंट पॉल पेन्झोन यांनी त्यांना हरवलं. त्याच दिवशी त्याच कौंटीत राष्ट्राध्यक्षपदासाठी आरपायोंच्याच रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प पुढे होते. म्हणजे हजारो लोकांनी वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्याला मत दिलं. मतदार डोळे उघडे ठेवून मत देऊ शकतो, याचा हा दाखला. पेन्झोन यांनी २०१७ मध्ये तंबूंचा तुरुंग बंद केला. त्याच वर्षी जुलैत कोर्टाचा हुकूम न पाळल्याबद्दल आरपायो फौजदारी अवमानात दोषी ठरले, पण शिक्षा होण्याआधीच ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

२०२४: सगळेच खाकीतले

आता अलीकडची निवडणूक बघू. जानेवारी २०२४ मध्ये पेन्झोन यांनी मुदत संपायच्या आत पद सोडलं. तिथल्या कायद्याप्रमाणे रिकाम्या जागी त्याच पक्षाचा माणूस नेमावा लागतो. मंडळानं कचेरीतलेच जुने अधिकारी रस स्किनर यांना नेमलं. ते आधी रिपब्लिकन होते, पेन्झोन जाणार हे जाहीर झाल्यावर डेमोक्रॅट झाले होते. पक्षांतर ही काही आपलीच मिरास नाही. पण जुलैत पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारांनी स्किनर यांना नाकारलं आणि फिनिक्स पोलिसांतले निवृत्त लेफ्टनंट टायलर कॅम्प यांना उमेदवारी दिली.

समोर रिपब्लिकन पक्षाकडून जेरी शेरिडन. याच शेरीफ कचेरीत त्यांनी सुमारे अडतीस वर्षं नोकरी केली आणि आरपायोंच्या काळात ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. २०२० मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांनी खुद्द आरपायोंनाच थोड्या मतांनी हरवलं, पण पुढे पेन्झोनपुढे पडले. २०१६ मध्ये न्यायाधीश स्नो यांनी ज्यांना दिवाणी अवमानात दोषी धरलं त्यांत आरपायोंबरोबर शेरिडन यांचंही नाव होतं. हा फौजदारी गुन्हा नव्हे, हे नोंदवलं पाहिजे. पण गोष्ट साधीही नव्हे. कारण ज्या कचेरीवर कोर्टानं देखरेख बसवली, तीच पुन्हा चालवायला ते मतं मागत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी त्यांना निवडून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली.

लोक चुकले की बरोबर, हे इथे बसून सांगणं सोपं नाही. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ती कौंटी जिंकली होती, आणि वरच्या वाऱ्याबरोबर खालची मतंही वाहतात. अडतीस वर्षांचा अनुभव ही खरी शिदोरी आहे, हेही खरं. पण त्या लढतीत अनुभव नसलेला होता तरी कोण? सगळेच वर्षानुवर्षं खाकीत राहिलेले. म्हणून "अनुभवी" या एका शब्दावर निवड करताच येत नाही. अनुभव कशाचा, आणि त्या काळात त्याच्या हाताखाली काय झालं, हे विचारावं लागतं.

आपण काय घ्यावं?

आपल्याकडे पोलीसप्रमुख निवडून द्यावा, असं सांगण्याचा इथे हेतू नाही. आपला अधीक्षक राज्य सरकार नेमतं, आणि तो एका पक्षाच्या तिकिटावर आलेला नसतो, ही मोठी गोष्ट आहे. दुखणं वेगळं आहे. मनाजोगं काम केलं नाही की बदली, हा धाक. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात प्रमुख पदावरच्या पोलीस अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवू नये असं सांगितलं, ते त्यासाठीच. अमेरिकेत शेरीफला हलवता येत नाही ही अडचण, आपल्याकडे साहेबाला फार लवकर हलवतात ही अडचण. दोन्हीकडे सामान्य माणूस मधे सापडतो.

गावात आपला खरा दुवा पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं हे पद आलं. नेमणूक प्रांताकडून होते, मतदानानं नाही. त्यामुळे त्याला गटातटाच्या वर राहता येतं, राहायला पाहिजे. निवडणुकीत दोन पॅनल भांडतात तेव्हा त्यानं कुणाच्या ओट्यावर बसायचं नसतं. मॅरिकोपाची गोष्ट हेच सांगते. बंदोबस्त करणारा माणूस एका बाजूचा झाला की दुसऱ्या बाजूच्या तक्रारी कागदात पडून राहतात.

आणि निवृत्त अधिकारी मत मागायला आपल्याकडेही येतात. मुंबईचे पोलीस आयुक्त असलेले सत्यपाल सिंग २०१४ मध्ये नोकरी सोडून उत्तर प्रदेशात बागपतहून खासदार झाले. उद्या एखादा निवृत्त फौजदार सरपंचकीला, जिल्हा परिषदेला, आमदारकीला उभा राहिला तर त्याचं स्वागतच करावं. पण पारावर बसून त्याला चार गोष्टी जरूर विचाराव्यात. ठाण्यात असताना गरिबाची, बाईमाणसाची तक्रार लिहून घेतली जायची का? कोर्टानं किंवा वरिष्ठांनी कधी ताशेरे मारले होते का? विरोधात बोलणाऱ्याला त्रास दिला का? आणि ज्यांचं मत नाही, म्हणजे ऊसतोड मजूर, परगावचा सालगडी, पालावरचा माणूस, त्यांच्याशी कसा वागला?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं तो स्वतः देईल. चौथ्याचं उत्तर मात्र पालावर जाऊन घ्यावं लागेल. तेवढी पायपीट मत देण्याआधी केलेली बरी.