त्यांना भाडोत्री म्हणताय?

रशियाच्या लष्करात अडकलेल्या आपल्या पोरांची बातमी मुलुंडच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर : "पैशासाठी दुसऱ्याच्या लढाईत गेले ना? भाडोत्रीच ते. भोगा म्हणावं." त्याला सात अंगठे!

काका, भाडोत्री कसा असतो ते मराठी माणसाला तरी सांगायला लागू नये. महादजी शिंद्यांनी डी बॉयनला नोकरीवर ठेवलं. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या आणि गडगंज होऊन तो युरोपात परतला. त्याच्या जागी आलेल्या पेरॉनने 1803 मध्ये, ऐन युद्धात, दौलतरावांची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. पुढे फ्रान्सात आरामात राहिला. हे खरे भाडोत्री. भाव त्यांनी ठरवला, निघायची वेळही त्यांनीच.

या पोरांच्या हातात काय होतं? सीबीआयने मार्च 2024 मध्ये गुन्हा नोंदवून दिल्ली, मुंबईसह 13 ठिकाणी छापे घातले. तपासातून आलेली हकीकत अशी : यूट्यूबवरून, ओळखीपाळखीतून पोरं गाठायची, सिक्युरिटी गार्ड नाहीतर हेल्परची नोकरी सांगायची, आणि तिथे उतरल्यावर पासपोर्ट काढून घ्यायचा. काही जण पगार बघून जाणूनबुजून गेले असतील, मान्य. पण वर एजंटाला पैसे मोजून खंदकात जाणारा भाडोत्री मी तरी ऐकला नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र खात्यानेच आकडे दिले. 126 भारतीय रशियन सैन्यात गेल्याची नोंद. 96 परतले, 12 मेले, 16 जण रशियाच्या लेखी बेपत्ता.

या युद्धात भाडं कुणी खाल्लं, तर एजंटाने. त्याच्यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही. दहावी न झालेला मजूर सौदीला कामाला निघाला तर त्याला सरकारी मंजुरी लागते; रशिया त्या देशांच्या यादीतच नाही. म्हणजे पोरगा युद्धाच्या देशात निघालाय आणि त्याला विमानतळावर अडवणारं कुणी नाही.

एजंटाला मात्र 1983 च्या कायद्याने परवाना लागतोच. घाटकोपर, अंधेरी स्टेशनबाहेर 'परदेशात नोकरी'ची पत्रकं खांबाखांबावर चिकटवलेली असतात. उद्या जाता-येता बघा. परवाना क्रमांक नसेल तर फोटो काढून इथे कमेंटमध्ये टाका, मी पोलिसांकडे घेऊन जातो. काका, तुम्हीपण टाका.