बालवाडीत आपलं लेकरू नेमकं काय शिकतं?



आमच्या वळसंगची विहीर सोलापूरच्या चळवळीला ठाऊक आहे. आपल्या माणसांनी ती खोदली आणि 1937 साली बाबासाहेब इथे येऊन तिचं पाणी प्याले. जयंतीला आपण ही गोष्ट लेकरांना सांगतो. पण गोष्ट कळण्याच्या वयाचं होईपर्यंत ते लेकरू पाण्याबद्दल बरंच काही शिकून बसलेलं असतं. त्याकडे आपलं लक्ष नाही.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त तालुक्याबाहेरच्या एका अंगणवाडीत तीन दिवस बसले होते. पहिल्या दिवशी खिचडी खाताना आपल्या वस्तीतल्या चार वर्षांच्या मुलीने शेजारच्या पोराच्या ग्लासातलं पाणी प्यायलं. तो पोरगा एक शब्द बोलला नाही. उठला, ग्लास राखेने घासून विसळला आणि मग त्यात पाणी घेतलं. सेविकाताईंना विचारलं, हे कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "मॅडम, घरूनच शिकून येतात." खरं आहे. पण अंगणवाडीत ते कोणी पुसलंही नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने कुणाच्याच ग्लासला हात लावला नाही. घोटभर पाण्यासाठी ताईंची वाट बघत बसली. तिचाही धडा पाठ झाला होता. अजून तिला 'अ' काढता येत नव्हता.

एम.ए.ला 'प्राथमिक सामाजीकरण' या नावाखाली परीक्षेपुरतं जे घोकलं, ते मला त्या ग्लासात दिसलं.

आता कायद्याकडे या. मूळ संविधानात कलम 45 होतं: दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना 14 वर्षं पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. यात खालची वयोमर्यादा नव्हती. संविधान सभेत 23 नोव्हेंबर 1948 रोजी हे कलम फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात-खाणीत कामाला लावायला आपण बंदी करतो आहोत, मग ते मूल कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत असलंच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे 1993 च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने 14 वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. आणि 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती आली. तिने 6 ते 14 वयाला मूलभूत हक्क दिला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांखालच्यांना मार्गदर्शक तत्त्वांत ढकललं, हे किती जणांनी वाचलं? शिक्षण हक्क कायद्यातही 3 ते 6 वयासाठी शासन व्यवस्था 'करू शकेल' एवढंच आहे. करू शकेल! म्हणजे नाही केली तरी चालेल.

ज्या वयात जात शिकली जाते, नेमक्या त्याच वयाला हक्क नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला दलित-आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. आपल्या चळवळीच्या पुस्तकांत ही नावं फारशी येत नाहीत. यायला हवीत.

आणि आपण काय करतो? नोकरीला लागलो की लेकरू नर्सरीत. टाय, बूट, ए फॉर अ‍ॅपल. दक्षिण सोलापुरात घरात कन्नड बोलणारी कितीतरी मुलं आहेत. त्यांना मराठीच नवी, त्यात तीन वर्षांच्या जिभेवर इंग्रजी. मी त्या आईबापांना दोष देत नाही. इंग्रजी आपल्यालाही हवीच आहे. पण सवर्ण आधीच गेले, मागोमाग आपले नोकरदार गेले, की अंगणवाडीत उरतात ती मजुरांची, ऊसतोड्यांची मुलं. गावात पुन्हा दोन पाणवठे तयार होतात. यावेळी ते वेगळे करायला आपणही हातभार लावलेला असतो.

सेविकाताईंवर सगळा राग काढू नका. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरायची, वजनं घ्यायची, आहार वाटायचा आणि उरलेल्या वेळात शिकवायचं. डिसेंबर 2023 मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या आणि जानेवारीतही रस्त्यावर होत्या. तेव्हा आपल्या किती संघटनांचे निळे झेंडे त्यांच्या मंडपात होते? माझाही नव्हता, हे कबूल करते.

वसतिगृह, शिष्यवृत्ती, एमपीएससी यांसाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण ग्रामसभेत कधी विचारलं का, अंगणवाडी कुणाच्या आळीत भरते, खिचडी कोण शिजवतं, आणि ती शिजवणारी आपल्यातली असली की कुणाची मुलं डबा घरून आणतात?

उद्या सकाळी आपल्या गावच्या अंगणवाडीत जा आणि तासभर बसा. ताईंना आधी विचारा, भाषण करू नका. खिचडीच्या वेळी कोण कुणाच्या शेजारी बसतं, कोण कुणाचा ग्लास उचलतं, एवढं वहीत लिहा आणि मला कळवा.