थरथरणारी कडबाकुट्टी : मोठी मोटार हा उपाय नव्हे

अहिल्यानगर जिल्ह्यात, विशेषतः संगमनेर, राहाता व राहुरी या तालुक्यांत, दुग्धव्यवसायाबरोबर विजेवरील कडबाकुट्टी यंत्र गोठ्यागोठ्यांत आले आहे. हे यंत्र थरथरू लागले आणि वीजही अधिक खाऊ लागले, की मोटार कमी पडते असे समजून दोन अश्वशक्तीच्या जागी तीन अश्वशक्तीची मोटार बसविण्याकडे अनेकांचा कल होतो. हा खर्च बहुधा अनाठायी होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थरथरीचे मूळ पुष्कळदा चाकावरील पात्यांत असते. वैरणीतून खिळा वा खडा आला, की एका पात्यास खांड पडते. मग तेवढेच पाते घासले जाते किंवा एकटेच बदलले जाते. साहजिकच चाकाची एक बाजू जड होते. मध्यापासून ३० सेंटिमीटरवर केवळ १०० ग्रॅम वजन अधिक असले, तरी मिनिटास ६०० फेऱ्यांच्या वेगात सुमारे १२ किलोचा ओढा निर्माण होतो व तो सेकंदास दहा वेळा आसाभोवती फिरतो. वेग दुप्पट केल्यास ओढा चौपट होतो.

नुसत्या हिसक्याने मीटर फारसे धावत नाही, हे खरे. परंतु हिसक्याने बेअरिंग झिजून घर्षण वाढते, पट्टा घसरतो, बोल्ट ढिले होतात आणि पाते व स्थिर पट्टी यांतील अंतर वाढून वैरण कापली न जाता चिरडली जाते. वीज वाया जाते ती येथे. मोठ्या मोटारीने यांपैकी एकही दोष दूर होत नाही.

म्हणून प्रथम मुख्य स्विच बंद करून पट्टा उतरवावा व नुसती मोटार चालवून पाहावी. ती शांत चालली, तर दोष यंत्राकडे आहे. पुन्हा वीज तोडून चाक हाताने हलकेच फिरवून सोडावे. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबल्यास ती जड समजावी. पाती काढून तराजूत तोलावीत. पाती व बोल्ट नेहमी जोडीनेच बदलावेत. जोडीचा खर्च अधिक वाटला, तरी तो नव्या मोटारीपेक्षा खचितच कमी असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोटार बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी तराजू मागवावा, एवढीच आमची विनंती आहे.