पदवी, पद आणि अनुभवाचा रकाना

ऐतिहासिक मांडू ज्या धार लोकसभा मतदारसंघात मोडते, तेथील खासदार सावित्री ठाकूर जून २०२४ मध्ये केंद्रात महिला व बालविकास राज्यमंत्री झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच धारमधील एका शालेय कार्यक्रमात ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही घोषणा त्यांना शुद्ध लिहिता आली नाही. त्यावरून त्यांच्या पात्रतेविषयी देशभर टीका झाली.

या गदारोळात दुसरी बाजू झाकोळली. ठाकूर यांनी धार जिल्हा पंचायतीचे अध्यक्षपद भूषविले होते आणि २०१४ ते २०१९ या काळात त्या खासदारही होत्या. त्या कारकिर्दीत या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या पदरात काय पडले, हा खरा प्रश्न होता. टीकाकारांनी शुद्धलेखन मोजले, समर्थकांनी वर्षे मोजली. काम मोजण्याचे मात्र राहूनच गेले.

खासदार किंवा आमदार होण्यासाठी राज्यघटनेने शिक्षणाची वा अनुभवाची अट घातलेली नाही. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. म्हणजे तेथे सरपंचाकडे शाळेचा दाखला मागितला जातो, मंत्र्याकडे नाही. तथापि सर्वांनाच दाखला सक्तीचा करणे हा यावरील उपाय नव्हे. ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचली नाही, त्यांनाच त्याची शिक्षा भोगावी लागेल.

चाळीस आमदारांच्या गोव्यात सत्तेची शिडी मुळातच आखूड आहे. मनोहर पर्रीकर १९९४ मध्ये आमदार आणि २००० मध्ये मुख्यमंत्री झाले. प्रमोद सावंत २०१२ मध्ये आमदार, २०१७ मध्ये सभापती आणि २०१९ मध्ये, एकदाही मंत्रिपद न भूषविता, मुख्यमंत्री झाले. अशा राज्यात केवळ ज्येष्ठतेवरून उमेदवाराची पारख होऊ शकत नाही. त्याने हाती आलेला निधी कसा वापरला, सभागृहात कोणते प्रश्न लावून धरले, गैरसोयीचा निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हा काय केले, हे पाहावे लागते. ग्रामसभांची इतिवृत्ते आणि विधानसभेचे कामकाज यांत याची बरीच उत्तरे सापडतात.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. यापूर्वीच्या पदावर काय केले, यासाठी त्यात रकाना नाही. तो मतदारालाच, मतदानापूर्वी, भरून काढावा लागेल.