माफी कुणाला, उपकार कुणाचे?



'कर्जमाफी' हा शब्द आम्हाला खटकतो. माफी गुन्हेगाराला देतात. आम्ही कोणता गुन्हा केला? 1990 साली केंद्राने दहा हजार रुपयांपर्यंतचे कर्ज सोडले, 2008 साली पुन्हा माफी झाली. दोन्ही वेळा सरकार दयाळू ठरले, आम्ही याचक. 2019 सालच्या राज्याच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' आली. शब्द सुधारला, भाव नाही सुधारला.

त्याच वर्षी केंद्राचा 'सन्मान निधी' सुरू झाला. वर्षाला 6000 रुपये, म्हणजे महिन्याला 500. आणि ऑगस्ट 2025 मध्ये, आमचा कापूस घरात यायच्या तोंडावर, परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. एका हाताने सन्मान द्यायचा, दुसऱ्या हाताने भाव दाबायचा, ही कसली मेहेरबानी?

माणुसकी आम्हाला कुणी शिकवू नये. इर्जिकीला शेजारी आपली बैलजोडी घेऊन येतो. सावडीने ज्वारी काढली जाते. आज त्याच्या रानात, उद्या आपल्या. तिथे 'उपकार' हा शब्द कुणी काढत नाही, कारण दोघे बरोबरीचे असतात. उपकार वरून खाली पडतात. सावड समोरासमोर होते.

सरकारशी आमचा व्यवहारही समोरासमोर व्हावा. म्हणून येत्या बैठकीत ठराव लिहिताना 'माफी' आणि 'मदत' हे शब्द खोडा, तिथे 'येणे' लिहा. भीक नको, हवे घामाचे दाम!