विश्लेषण : कार्बन फायबरही ओलाव्याने ‘सादळतं’ का? ‘टायटन’ दुर्घटनेने पुढे आणलेला प्रश्न काय आहे?

टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात उतरलेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी पाण्याच्या दाबाने चिरडली गेली. आतल्या पाचही जणांचा मृत्यू झाला. या पाणबुडीचं मुख्य कवच कार्बन फायबर कंपोझिटचं होतं. अमेरिकी तटरक्षक दलाचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आणि तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे ‘एनटीएसबी’चा अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. कवचाची बांधणी, चाचण्या आणि देखभाल या तिन्हींवर तपासात बोट ठेवलं गेलं. त्यातला एक मुद्दा होता तो ही पाणबुडी हिवाळाभर उघड्यावर ठेवल्याचा.

आज प्रवासी विमानांपासून सायकलींपर्यंत सगळीकडे हेच मटेरियल वापरलं जातं. मग पाणी आणि दमटपणा त्याचं नेमकं काय बिघडवतात?

कार्बन फायबर कंपोझिट म्हणजे काय?

याचे दोन घटक असतात. पहिला घटक म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक धागे. एका धाग्याची जाडी साधारण ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. दुसरा घटक म्हणजे या धाग्यांना एकत्र धरून ठेवणारं रेझिन. बहुतेक वेळा ते इपॉक्सी असतं. धाग्यांचे थर एकावर एक रचून उष्णता आणि दाब दिला, की पोलादापेक्षा कितीतरी हलकी, पण तितकीच किंवा त्याहून मजबूत वस्तू तयार होते.

ओलावा शिरतो कुठून?

कार्बनचे धागे पाणी शोषत नाहीत, इपॉक्सी मात्र शोषतं. त्याच्या रेणूंच्या जाळ्यात हवेतली वाफ हळूहळू शिरते. त्यासाठी वस्तू पाण्यात बुडवावी लागत नाही, दमट हवाही पुरते. हा वेग फार मंद असतो. जाड भाग आतपर्यंत ओला व्हायला काही महिने किंवा वर्षंही लागतात. अखेरीस कंपोझिटचं वजन साधारण एक ते दीड टक्क्याने वाढतं.

आकडा किरकोळ वाटतो, पण परिणाम किरकोळ नसतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की कुरकुरीत पापड सादळतो. तो तुटत नाही, पण त्याचा ताठपणा जातो. इपॉक्सीचंही काहीसं असंच होतं. पाण्याचे रेणू तिच्या साखळ्यांमध्ये शिरून त्या सैल करतात. ज्या तापमानाला रेझिन कडकपणा सोडून मऊ पडू लागतं, ते तापमान खाली येतं. ढोबळ हिशेबाने, रेझिनने शोषलेल्या प्रत्येक एक टक्का पाण्यामागे ते सुमारे २० अंश सेल्सिअसने घसरतं.

मग ताकद किती कमी होते?

याचं उत्तर जोर कोणत्या दिशेने लागतो यावर अवलंबून आहे. धाग्यांच्या दिशेने ताण दिला तर ओल्या आणि कोरड्या कंपोझिटमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण ओढ धागेच पेलतात. दाबाचं गणित वेगळं आहे. सुती दोरा ओढला तर ताठ राहतो, दोन्ही टोकांकडून ढकलला तर लगेच वाकतो. कार्बनचा धागा दाबाखाली वाकू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी धरून ठेवण्याचं काम रेझिन करतं. रेझिन मऊ पडलं की ही पकड ढिली होते. त्यामुळे उष्णता आणि ओलावा एकत्र आल्यावर सर्वांत जास्त फटका दाब सोसण्याच्या क्षमतेला आणि थरांमधल्या जोडाला बसतो.

यातलं काही नुकसान भरून येतं. वस्तू वाळवली की रेझिनचा गेलेला कडकपणा बऱ्याच अंशी परततो. पण धागा आणि रेझिन यांची पकड सुटली किंवा बारीक तडे गेले, तर ते वाळवून सांधले जात नाहीत.

गोठलेलं पाणी जास्त धोकादायक का?

रेझिनमध्ये मुरलेला ओलावा आणि तड्यात साचलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. थरांमध्ये आधीच फट असेल, तर तिथे शिरलेलं पाणी गोठताना ती आणखी रुंदावतं. बर्फ वितळला की मोठ्या झालेल्या फटीत जास्त पाणी शिरतं आणि पुन्हा गोठतं.

‘टायटन’च्या बाबतीत काय समोर आलं?

‘टायटन’चं कवच सुमारे पाच इंच जाड होतं. ते एकेक इंचाचे पाच थर देऊन बनवलेलं होतं. ‘एनटीएसबी’ला त्यात सुरकुत्या, पोकळ्या आणि सुटलेले थर आढळले. १५ जुलै २०२२ च्या फेरीत वर येताना मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर कवचावरच्या ताणाच्या नोंदीही बदलल्या होत्या. त्यानंतरचा हिवाळा पाणबुडीने कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये, गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर काढला.

दुर्घटना केवळ ओलाव्यामुळे झाली, असं तपास सांगत नाही. सदोष बांधणी आणि अपुऱ्या चाचण्या हे मूळ दोष होते. मात्र थर सुटलेलं कवच पाऊस, बर्फ आणि बदलत्या तापमानात ठेवणं हा आधीच्या दुखण्यात भर घालणारा निर्णय होता. त्यात टायटॅनिकच्या खोलीवर, म्हणजे सुमारे ३,८०० मीटरवर, दाब वातावरणाच्या ३८० पट असतो. कंपोझिट जिथे सर्वांत कच्चं पडतं, नेमका तोच भार तिथे सोसायचा होता. या पाणबुडीला कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्रही नव्हतं.

विमानं मग सुरक्षित कशी?

बोइंग ७८७ च्या सांगाड्यात वजनाच्या सुमारे ५० टक्के भाग कंपोझिटचा आहे. ही विमानं दमट विमानतळांवरून उडतात आणि वर शून्याखालच्या थंडीत जातात. फरक इतकाच, की विमान ओलं होणार हे आराखड्याच्या वेळीच गृहीत धरलेलं असतं. नमुने सहसा ८५ टक्के आर्द्रतेत पुरेसे ओले करतात आणि मग उन्हात तापलेल्या विमानाइतके, म्हणजे ८० अंशांच्या आसपास गरम करून तोडून पाहतात. त्यातून मिळालेली कमी ताकद हीच खरी ताकद मानून जाडी ठरवली जाते.

पुढची जबाबदारी देखभालीची असते. रंग आणि कडांचं सील शाबूत ठेवावं लागतं. सुटलेले थर शोधायला अल्ट्रासाऊंड वापरतात. दुरुस्तीआधी तो भाग वाळवावा लागतो, नाहीतर गरम करताना आतल्या पाण्याची वाफ होऊन नवे फुगे धरतात. कार्बनला लागून ॲल्युमिनियम असेल तर ओलाव्यामुळे ॲल्युमिनियम गंजतं. म्हणून अशा ठिकाणी मध्ये काचतंतूचा थर देतात किंवा टायटॅनियम वापरतात.

भारतासाठी हे महत्त्वाचं का?

‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाच्या सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे. एअर इंडियाकडे २०१२ पासून बोइंग ७८७ आहेत. चार महिने पावसाळा, लांबलचक किनारपट्टी आणि कडक उन्हाळा असलेल्या देशात ‘गरम आणि ओलं’ ही प्रयोगशाळेतली टोकाची स्थिती नसून रोजचं हवामान आहे. ड्रोन आणि बोटींच्या छोट्या उत्पादकांनीही आता हेच मटेरियल हाती घेतलं आहे. त्यांच्या ग्राहकाने ‘हे किती मजबूत आहे?’ एवढंच विचारून भागणार नाही. ही ताकद कोरड्या नमुन्यावर मोजली की ओल्या, हेही विचारावं लागेल.